मींड: सुरापासून सुरापर्यंत न तुटता कसं जायचं

मींड बिघडली की विद्यार्थी विचारतात, "मधले सूर नेमके कसे घ्यायचे?" बिघाड बहुधा मधे नसतोच. जिथून निघायचं तो सूर पुरता लागलेला नसतो, जिथे पोहोचायचं तो मनात ऐकू येत नसतो, आणि गळा मात्र घसरायला लागलेला असतो. ऐकणाऱ्याला ते मींड घेणं वाटत नाही, सूर शोधणं वाटतं. म्हणून खालच्या क्रमात मधल्या वाटेचा नंबर उशिरा लागतो. तो अलीकडे ओढू नका.

हिंदुस्थानी गायन शिकणाऱ्या आणि अलंकार-पलटे बऱ्यापैकी बसलेल्या, एक-दोन राग आलापासकट गाणाऱ्यांसाठी हे लिहितोय. सतारीत तार पडद्यावर आडवी खेचून मींड काढतात, बासरीत बोटं भोकांवरून हळूहळू सरकवतात. ती तंत्रं वेगळी, त्यांत इथे शिरत नाही.

## बसण्याआधी

पट्टी, म्हणजे पेटीची जी कळ तुमचा सा धरायची ती. पुरुषांचे आवाज साधारण काळी एक ते पांढरी दोन, बायकांचे काळी चार ते काळी पाच अशा पट्ट्यांत बसतात. तुमची कुठलीही असो, तार षड्जावर मान न ताणता पोहोचता आलं पाहिजे. येत नसेल तर या रियाजापुरती पट्टी अर्ध्या सुराने उतरवा. चढ्या पट्टीची हौस कार्यक्रमात भागवता येईल.

तानपुरा. अ‍ॅपवरचा चालेल, पण मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरवर नको. त्यातून खर्जाची (सगळ्यात खालच्या षड्जाची) तार जवळजवळ गायब होते आणि षड्जाचा आधारच निसटतो. बाहेरचा स्पीकर जोडा. गाताना तानपुरा सतत ऐकू आला पाहिजे. तो ऐकू येत नसेल तर तुम्ही फार मोठ्याने गाताय.

पेटी बंद. याला सवलत नाही. पेटीच्या दोन पट्ट्यांमध्ये काहीच वाजत नाही, त्यामुळे तिच्यावर बोट ठेवून मींड शिकलेला गळा पट्टी-पट्टी करतच उतरतो. दुसरं कारण गंधाराचं. आजच्या बहुतेक पेट्या समान अंतराच्या सप्तकात लावलेल्या असतात. तिचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो (एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंत 100 सेंट). भरभर गाताना हे खपून जातं. मींडेने सावकाश येऊन गंधारावर टेकलात की मात्र तो तानपुऱ्याशी भांडताना ऐकू येतो.

रेकॉर्डिंग आणि लय. मोबाईलचा रेकॉर्डर आणि मिनिटाला 60 ठोक्यांवर लावलेला मेट्रोनोम. तबल्याचं अ‍ॅप आत्ताच लावू नका. ठेका सुरू झाला की लक्ष समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे जातं.

गळा. दहा मिनिटं मंद्र (खालच्या) सप्तकात शांत आकार, म्हणजे 'आ' वर गाणं. घसा बसलेला असेल, सर्दी असेल, तर मींडेचा रियाज त्या दिवशी सोडून द्या. सुजलेल्या गळ्यावर सावकाश सरकताना सूर जागोजाग फाटतो, आणि तो लपवण्यासाठी जोर लावायची सवय लागते.

> ऑनलाइन शिकणाऱ्यांसाठी: झूमसारख्या अ‍ॅपची आवाज गाळण्याची सोय तानपुऱ्याला आणि लांबवलेल्या सुराला गोंगाट समजून कापते. गुरूंना तुमची मींड मधेच तुटलेली ऐकू येते आणि विनाकारण बोलणी बसतात. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' चालू करा.

## टप्पा 1: दोन टोकं वेगवेगळी पक्की करा

सुरुवातीची जोडी ग आणि सा. अजून सरकायचं नाही.

ग लावा, चार ठोके धरा, थांबा. श्वास घ्या. सा लावा, चार ठोके धरा, थांबा. असं आलटून पालटून. दोन्ही सूर पहिल्याच क्षणी जागेवर लागले पाहिजेत. खालून उचलून, चाचपडत सुरावर येण्याची सवय असेल तर ती इथेच दिसते. हिलाच बरेच जण मींड समजतात. प्रत्येक सुराला खालून येऊन चिकटणं हा आळस आहे. तो गेल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

मग थोडा बदल करा. ग प्रत्यक्ष गा आणि तो चालू असतानाच सा मनात ऐका. आवाज थांबवा, दोन ठोके गप्प बसा, आणि मग सा लावा. लागला का?

> पडताळा: दहापैकी नऊ वेळा सा अचूक लागला तर टप्पा 2. सात-आठ वेळा म्हणजे अजून एक दिवस इथेच.

## टप्पा 2: उतरती मींड, सा वर संपणारी

उतरती आधी का? कारण शेवट षड्जावर होतो आणि षड्ज तानपुरा देतोच आहे. बरोबर टेकलात की आवाज तानपुऱ्यात मिसळून जातो. जरा चुकलात की दोन सुरांत थरथर ऐकू येते. निकाल जागच्या जागी लागतो.

क्रम असा ठेवा: रे→सा, मग ग→सा, मग म→सा, शेवटी प→सा. प्रत्येक जोडी आधी ओठ मिटून गुणगुणत, मग आकारात. गुणगुणताना तोंडाचा आकार बदलत नाही, त्यामुळे पायऱ्या लपत नाहीत.

सरकताना शरीराकडे बघा:

- जबडा हलत नाही. आरशासमोर बसा. ग वरून सा वर येताना हनुवटी खाली जात असेल तर 'आ' चा 'ऑ' होतोय.
- पोटावर हात ठेवा. सूर उतरला म्हणून श्वासाचा दाब सोडायचा नाही. उतरत्या मींडेतली नेहमीची चूक हीच: सुराबरोबर दमही खाली येतो, शेवटचा षड्ज पोकळ निघतो आणि बहुधा उतरा लागतो.
- सा वर पोहोचल्यावर धक्का नको. "आलो एकदाचा" असा जोर तिथे पडतो, तो काढा. आवाजाची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी.

आता रेकॉर्डिंग. अर्ध्या गतीने वाजवून ऐका. मोबाईलच्या बऱ्याच प्लेअरमध्ये ही सोय असते. ग→सा मध्ये रे वर बारीकसा थांबा ऐकू येईल. जवळजवळ सगळ्यांच्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये तो असतो, कारण वर्षानुवर्षं गळ्याने "ग रे सा" हाच पलटा घोटलेला असतो. सूर रेघेत दाखवणारं अ‍ॅप असेल तर ते डोळ्यांनाही दिसतं: तिरकी उतरती रेघ हवी, तिथे मधेच सपाट पायरी आलेली असते.

ती पायरी घालवायला एक युक्ती. रे विसरायचा प्रयत्न करू नका. तो जमत नाही. त्याऐवजी ग वरून निघाल्यावर पहिल्याच क्षणी अगदी थोडं उतरा, केसभर, आणि तिथे थांबा. परत ग वर या. पुन्हा केसभरच, पण मघापेक्षा किंचित जास्त. ग आणि रे यांच्यामधल्या, नाव नसलेल्या जागांवर गळ्याला टिकता आलं की रे ची पायरी आपोआप झिजते. कंटाळवाणं आहे. पण टाळाल तर पुढच्या टप्प्यांत पायऱ्या परत येतील, आणि तिथे त्या काढणं जास्त जड जातं.

> जपा: या व्यायामात आवाज लहान ठेवा. मोठ्या आवाजात बारीक अंतरं गळ्याला सापडत नाहीत, आणि घसाही लवकर थकतो.

## टप्पा 3: वेळेची वाटणी

मींड नवखी वाटते ती बहुतेक वेळा इथे. सूर लागल्या लागल्या माणूस निघतो, सगळा वेळ सरकण्यात घालवतो आणि पोहोचताक्षणी सोडून देतो. दोन्ही टोकं उपाशी राहतात.

मेट्रोनोम 60 वर. आठ ठोक्यांचा एक फेरा, एका श्वासात:

1. पहिले 3 ठोके सुटण्याचा सूर, स्थिर.
2. पुढचे 2 ठोके सरकणं.
3. शेवटचे 3 ठोके पोहोचलेला सूर, स्थिर.

हे प→सा, ग→सा या जोड्यांवर बसलं की वाटणी 2-4-2 करा. नंतर 1-6-1. शेवटची वाटणी फक्त रियाजाची आहे. प्रत्यक्ष गाण्यात इतकी लांबलचक मींड क्वचित शोभते. पण सहा ठोक्यांत न अडखळता उतरता आलं की दोन ठोक्यांची मींड हातचा मळ होते.

सरकण्याचा वेगही सगळीकडे सारखा नसतो. सूर सोडताना सावकाश, मधे जरा चाल, पोहोचताना पुन्हा सावकाश. एकाच वेगाने उतरलात तर ते सायरनसारखं ऐकू येतं. हा फरक मोजून करायचा नसतो. टप्पा 1 मधला "पुढचा सूर मनात ऐकणं" चालू असेल तर गळा पोहोचण्याआधी स्वतःच मंद होतो.

> पडताळा: रेकॉर्डिंगचे फक्त शेवटचे तीन ठोके ऐका, आधीचं नाही. तिथे सा ढळतोय, थरथरतोय? मग मधली मींड कितीही गोड असली तरी ती अजून झालेली नाही.

## टप्पा 4: चढती मींड

चढताना अडचण उलटी. आवाज सुराबरोबर मोठा होत जातो आणि पोहोचायचा सूर ओलांडला जातो. सा→प करताना पंचमाच्या जरा वर जाऊन मग खाली येणं हे इतकं सर्रास होतं की काहींना तो अलंकारच वाटतो.

सा→रे, सा→ग, सा→म, सा→प याच क्रमाने, 3-2-3 वाटणीत. चढताना जाणीवपूर्वक आवाज किंचित कमी करत जा. हे उलटं वाटेल. चढ्या सुराला कानावर मुळातच जास्त उठाव असतो, त्यामुळे तुम्ही कमी करताय असं वाटतं तेव्हा ऐकणाऱ्याला तो सारखाच ऐकू येतो.

हनुवटी वर जाऊ देऊ नका, भुवयासुद्धा. भुवया वर गेल्या की समजा, सूर गळ्याने ढकलताय.

पंचमाचा निवाडा तानपुरा करतो. गंधाराचा निवाडा अवघड, कारण तो तानपुऱ्यात स्पष्ट तार म्हणून नसतो, खर्जाच्या तारेतून उमटतो. ट्यूनर अ‍ॅपवर शुद्ध गंधार 14 सेंट उतरा दिसला तर घाबरून वर नेऊ नका. अ‍ॅप पेटीच्या हिशेबाने बोलतंय. इथे कानाचंच खरं.

## टप्पा 5: लांब पल्ला

तार सा→प, मग तार सा→मध्य सा, आणि उलट. तार सप्तकाच्या आसपास प्रत्येक आवाजात एक जोड असतो, जिथे छातीचा भरीव आवाज हलक्या आवाजात बदलतो. मींड त्या जोडावरून जाताना आवाज फुटतो किंवा उडी मारतो.

तो जोड आधी शोधा: अगदी हलक्या आवाजात गुणगुणत वर-खाली फिरा आणि कुठे खट्‌ होतं ते बघा. मग जोडाच्या एक सूर वरून एक सूर खाली एवढीच मींड, हळू आवाजात. वरचा आवाज जितका हलका आहे तितकाच घेऊन खाली या. भरीवपणा जोड ओलांडल्यावर येऊ द्या. बहुतेक जण वर भरीव आवाज घेऊन निघतात आणि फुटतात.

इथे घाई करणाऱ्यांचे घसे बसतात. एका बैठकीत पाच-सात मिनिटं पुरेत.

## टप्पा 6: रागात

आतापर्यंतची मींड नुसती कसरत होती. रागात आल्यावर प्रश्न येतो, वाटेतला कोणता सूर किती दिसू द्यायचा. इथे नियम सरसकट चालत नाहीत, म्हणून चार उदाहरणं.

यमन, प→रे. पेटीवर या दोघांमध्ये चार पट्ट्या आहेत: तीव्र म, शुद्ध म, शुद्ध ग, कोमल ग. मींड चारींवरून जाते, थांबत कुठेच नाही. तीव्र म आणि शुद्ध ग यांचा हलका भास चालतो. शुद्ध म वर अर्धा क्षण जरी टेकलात तरी यमनकल्याणाची आठवण येते. घसा तिथेच टेकू पाहतो, कारण वाटेच्या मधोमध ती ओळखीची जागा लागते.

भूप आणि शुद्ध कल्याण. आरोहात दोघांचे सूर तेच: सा रे ग प ध. अवरोहात शुद्ध कल्याण नि आणि तीव्र म घेतो, पण मींडेत झाकून: तार सा→ध मध्ये नि, प→ग मध्ये तीव्र म. भूपात हे दोन सूर वर्ज्य, म्हणजे घ्यायचेच नाहीत. भूपातही प→ग जोडून घेता येतो, पण ती जोडणी आखूड हवी, ग वर पटकन पोहोचणारी. तीच मींड सावकाश, मधे रेंगाळत घेतली की राग बदलला. माझ्या मते मींडेवरचा ताबा तपासायला यापेक्षा चांगली जोडी नाही. दोन्ही रागांतला प→ग एकापाठोपाठ रेकॉर्ड करा आणि रागांची नावं न सांगता जाणकाराला ऐकवा. त्याने बरोबर ओळखले, तर हा टप्पा झाला.

बिहाग. अवरोहात ध आणि रे दुबळे. नि→प आणि ग→सा या मींडांत ते नुसते स्पर्शून जातात. यमनाच्या सवयीने ध स्पष्ट उच्चारला तर बिहागाचा चेहरा पुसला जातो.

मालकंस. कोमल ध→म या वाटेत पंचमाची जागा लागते आणि पंचम या रागात वर्ज्य. त्यात तानपुरा पंचमाचा लावलेला असेल तर गळा तिथे हमखास अडकतो. मालकंसाला तानपुरा मध्यमाचा लावा. अर्धी अडचण तिथेच संपते.

दरबारीतला कोमल गंधार आत्ता नको. ते आंदोलन आहे, एकाच सुराभोवती हळू झुलणं. मींड पक्की नसताना आंदोलन घेतलं तर दोन्हींची खिचडी होते.

> परीक्षेला बसणाऱ्यांनी लक्षात ठेवा: भातखंडे लिपीत (सूर लिहून ठेवण्याच्या पद्धतीत) सुरांच्या डोक्यावर कमान असेल तर मींड. सुरांच्या खाली कमान असेल तर ते सूर एका मात्रेत. वही बघून बंदिश बसवताना खालच्या कमानी मींड समजून ओढणारे दरवर्षी भेटतात.

## टप्पा 7: शब्द आणि ताल

आकारात स्वच्छ येणारी मींड शब्दात शिरली की बिघडते. मींड चालते फक्त स्वरावर. व्यंजनं तिला कापतात. म्हणून मींड शब्दातल्या कुठल्या अक्षरावर येते हे आधी पेन्सिलने खूण करून ठरवा.

'पिया' हा शब्द घ्या आणि प→रे मींड 'या' वर टाका. 'पि' पंचमावर पटकन सोडा, 'या' सुद्धा पंचमावरच उघडा, क्षणभर धरा, मग निघा. 'पि' पासूनच सरकायला लागलात तर 'इ' चा 'आ' होताना मींडेत सांधा दिसतो. 'मन' सारख्या शब्दात 'म' चा अकार लांबवा आणि 'न' रे वर पोहोचल्यानंतर मिटा. 'न' लवकर मिटला तर अर्धी मींड नाकातून निघते.

आता तबल्याचं अ‍ॅप लावा. विलंबित एकताल किंवा तीनताल. पहिल्यांदा मींड समेपासून लांब ठेवा, आवर्तनाच्या मध्यावर. समेवर येणाऱ्या मींडेत उशिरा पोहोचण्याची भीती असते, आणि त्या भीतीने माणूस शेवटचा तुकडा झटक्याने संपवतो. समेवर मींडेने यायचंच असेल तर दोन मात्रा आधीच निघा. पोहोचायचा सूर समेच्या ठोक्यावर लागलेला असला पाहिजे; लागत असलेला चालणार नाही.

किती मींडा घ्यायच्या? कमी. एका आवर्तनात एक ठसठशीत मींड पुरते, बाकीचे सूर खडे लावा. सगळंच जोडून गायलं की प→रे ची ती एक जागा उठून दिसत नाही. सुगम संगीतातून आलेल्यांना हे जड जातं, कारण तिथे प्रत्येक शब्दाचं शेपूट ओढायची सवय असते.

## साथीला बसण्यापूर्वी

पेटीवाल्याशी पाच मिनिटं बोला. चांगला साथीदार मींडेच्या वेळी मधल्या पट्ट्या वाजवत नाही. नवशिका मात्र तुमच्या मागोमाग प, तीव्र म, ग, रे अशी बोटं चालवतो, आणि तुम्ही महिनाभर घासून काढलेल्या पायऱ्या श्रोत्यांना पेटीतून ऐकू येतात. त्याला जागा दाखवून ठेवा: इथे पंचम धरून ठेव, मी निघालो की भाता हलका कर, आणि रे मी टेकल्यावरच दाब.